मुका अंक : प्रस्तावना

जी. आय. जोच्या माणसाची कंबर एका रबरी रिंगवर उभी असते. पाठीत एक बारका स्क्रू असतो. तो काढला की छाती आणि पाठ अशी दोन शकलं वेगळी होतात आणि आतली काळी रिंग दिसते. तिचं एक टोक धडात अडकवलेलं, दुसरं पायांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यात. सगळा माणूस त्या ताणावर. तो बसतो, वळतो, बंदूक रोखतो, ते रिंगच्या जिवावर. अमरावतीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की रबराला तुटायला वेगळं निमित्त लागत नाही. माझा माणूस तर मी गच्चीतल्या टिनावर ठेवून विसरलो होतो. संध्याकाळी उचलला तेव्हा पाय माझ्या हातात आणि धड टिनावर.

राजापेठेतल्या सायकलवाल्याकडे गेलो. त्यानं दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन पाहिले, "हा मानूस हाय का सायकल?" असं विचारलं आणि वाल्वट्यूबचा बोटभर तुकडा कापून दिला. पेचकस घरचाच होता. ट्यूबला गाठ मारून मी ती आत बसवली, पण गाठ एका बाजूला आल्यामुळे माणूस तेव्हापासून किंचित डावीकडे झुकून उभा राहतो. अंगभर काळा, चेहऱ्यावर मुखवटा, आणि कमरेत लचक भरल्यासारखा उभा. हा स्नेक आइज. या पुस्तकाचा नायक तोच. पण हे पुस्तक खेळण्यावर नाही. ते एका कॉमिकच्या एका अंकावर आहे, आणि तो अंक या खेळण्यासाठी निघाला होता.

बाहुला आणि अंक, दोन्ही मुंबईहून मामानं आणले, पण वेगवेगळ्या खेपेला. बाहुला दुकानातला, पुठ्ठ्यावरचा. अंक फोर्टच्या फुटपाथवरच्या ढिगातला, मुखपृष्ठ फाटलेला. मामानं तो देताना जरा ओशाळूनच दिला. "यात अक्षरं छापायची राहिलीत वाटतं. चुकलेला माल असेल, पण चित्रं तुझ्या त्या काळ्याचीच आहेत." खरंच, पानामागून पान उलटलं तरी कुणाच्या तोंडून फुगा निघत नव्हता. कोपऱ्यात "दरम्यान..." म्हणणारी पिवळी पट्टी नव्हती. तलवारीवर तलवार आपटत होती आणि आवाजाचं एक अक्षर नव्हतं. नावानिशी श्रेय आणि मधल्या जाहिराती सोडल्या तर सगळा अंक मुका.

मामाला ती छपाईतली चूक वाटली. मला लॉटरी लागली होती. हे 1991 सालच्या उन्हाळ्यातलं. मी चौथी पास होऊन पाचवीत जाणार होतो, आणि त्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं 2000 साली. म्हणजे त्या सुट्टीत माझं इंग्रजी ए-बी-सी-डीच्या पलीकडे नव्हतं. टाइम्स ऑफ इंडियानं 1964 साली सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स नुकतीच, 1990 साली, बंद पडली होती. मराठीतल्या वेताळाचे जीर्ण अंक गल्लीत हातोहात फिरून त्यांच्या घड्या पांढऱ्या पडल्या होत्या. बाकी कॉमिक म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी म्हणजे मोठ्या भावाची मिनतवारी. हा अंक मात्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत माझा होता. त्यात वाचायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून तो पुरा वाचता येत होता.

बाहुल्याच्या पुठ्ठ्याचं तसं नव्हतं. पुठ्ठ्यामागे कापून ठेवायचं एक कार्ड असे. त्यावर त्या सैनिकाचं नाव, हुद्दा, जन्मगाव, स्वभाव. स्नेक आइजच्या कार्डावर खऱ्या नावाच्या जागी एकच शब्द होता, आणि शेजारच्या मास्तरांच्या शब्दकोशात त्याचा अर्थ निघाला 'वर्गीकृत'. आता वर्गीकृत म्हणजे मला एकच गोष्ट माहीत होती, पेपरातल्या छोट्या जाहिराती. घर भाड्याने देणे आहे, वधू पाहिजे, नाव बदलले आहे. कित्येक महिने माझी ठाम समजूत होती की या माणसाचं खरं नाव कुठल्या तरी पेपरात छापून येतं आणि ते शोधायचं असतं. 'गोपनीय' हा अर्थ फार पुढे कळला. आता वाटतं, चुकून मी खऱ्याच्या बरंच जवळ पोचलो होतो. हा माणूस जाहिरातीतच जन्मला होता.

ती जन्मकथा इथं सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या प्रकरणांत पुन्हा सांगावी लागणार नाही. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीनं जी. आय. जो नावाचा फूटभर उंचीचा सैनिक 1964 साली काढला होता. तो बाजारातून गेल्यावर, 'स्टार वॉर्स'च्या छोट्या बाहुल्यांनी दुकानं भरलेली पाहून, 1982 साली तिनं त्याला पावणेचार इंचांचा करून परत आणला. एकाच्या जागी पूर्ण पलटण. पलटणीला गोष्ट हवी, म्हणून मार्व्हल कॉमिक्सला गाठलं. यात एक गंमतीदार व्यवहार होता. खेळण्याच्या टीव्ही जाहिरातीत कार्टून किती दाखवायचं यावर तिकडे बंधनं होती. कॉमिकच्या जाहिरातीवर ती नव्हती. तेव्हा हॅस्ब्रोनं पैसे मोजून कॉमिकची जाहिरात टीव्हीवर केली, त्यात मनसोक्त कार्टून नाचवलं आणि पोरं धावली खेळण्यांच्या दुकानात. कॉमिक हे त्या सगळ्यात निमित्तमात्र. मार्व्हलमध्ये ते लिहायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं. ते आलं लॅरी हामाकडे. हामा जपानी वंशाचा अमेरिकी माणूस, व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्याच्या इंजिनिअरांच्या तुकडीत काम केलेला. इतकी पात्रं लक्षात राहावीत म्हणून तो स्वतःसाठी प्रत्येकाची टिपणं करायचा, आणि पुठ्ठ्यामागची ती कार्डं त्या टिपणांतून आली. 1982 ते 1994 या काळात मालिकेचे 155 अंक निघाले आणि त्यातले बहुतेक त्यानं लिहिले.

आणि स्नेक आइज काळा का? पहिल्या पलटणीच्या वेळी रंगकामाचा खर्च आवरायचा होता. म्हणून एक बाहुला काळ्या प्लास्टिकमध्ये ओतून तसाच, एक ठिपकाही न रंगवता, विकायला काढला. चेहरा रंगवायचा नाही म्हणून मुखवटा. त्या काटकसरीतून हामानं माणूस उभा केला. हेलिकॉप्टरच्या अपघातात चेहरा आणि आवाज दोन्ही गमावलेला, बोलू न शकणारा. रंगाचे पैसे वाचवायला गेले आणि मालिकेतलं सगळ्यांत लाडकं पात्र हाती लागलं. आमच्याकडे याला आंधळ्याच्या गाई म्हणतात, त्या देव राखतो.

आपल्याकडे ही पलटण आली ती फनस्कूलमार्फत. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून 1987 साली ही कंपनी सुरू झाली. त्याच सुमारास दूरदर्शनवर ही-मॅनही दिसू लागला होता, तोही मॅटेल कंपनीच्या बाहुल्यांच्या विक्रीसाठी रचलेला. अमरावतीत राजकमल चौकातून जवाहर रोडला वळलं की काचेमागे पुठ्ठ्यावर ताणून बसवलेले सैनिक दिसायचे. बहुतेकांचा संबंध काचेपर्यंतच. गल्लीत सहा पोरांत मिळून दोन सैनिक होते. त्यातला एक माझा, लचकलेला.

वऱ्हाडातल्या पोरांना खेळण्यासोबत गोष्ट लागते, हे कुणा कंपनीनं शिकवायची गरज नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडाचा नंदी, चाकं लावलेला, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. तो ओढत पोरं घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात. त्या नंदीला कार्ड नसतं, कारण आदल्या दिवशी खरा बैल दारात पुजलेला असतो. त्याचं नाव, वय, खोडी, कोणत्या साली वावरात अडून बसला, हे सगळं पोराला पाठ. आधी बैल, मग गोष्ट, मग खेळणं. जी. आय. जोचा क्रम उलटा आहे. आधी साचा, मग विक्रीचा आकडा, मग गोष्ट. ही गोष्ट मी पुस्तकभर कुठे लपवलेली नाही. शिवाय 'खरा अमेरिकी वीर' असं ब्रीद मिरवणारी फौज व्हिएतनामनंतर अवघ्या काही वर्षांत पोरांच्या हाती द्यावीशी का वाटली, याचा विचार मी दहाव्या वर्षी केला नव्हता. आता करतो, आणि तिसरं प्रकरण वाचून काही वाचक माझ्यावर रागावतील. रागवावं.

तरीही हा अंक वेगळा उरतो. क्रमांक एकवीस, मार्च 1984. नाव 'सायलेंट इंटरल्यूड'. हे सगळं मला पुष्कळ वर्षांनी कळलं. कथा हामाची, पानांची आखणीही त्याचीच. ती आखणी पुरी करून रेखाटनं सिद्ध केली स्टीव्ह लियालोहानं. संवाद लिहून पोट भरणाऱ्या माणसानं संवादच काढून टाकले. गोष्ट चार वाक्यांची आहे. शत्रूच्या गढीत स्कार्लेट ही पलटणीतली बाई कैद आहे. पांढऱ्या पोशाखातला एक निंजा, स्टॉर्म शॅडो, याच अंकात पहिल्यांदा दिसणारा चेहरा, तिला तिथं घेऊन आलेला. स्नेक आइज एकटाच गढीत उतरतो. आणि स्कार्लेट त्याची वाट पाहत बसत नाही, आपलं कुलूप आपणच सोडवते. लहानपणी मला हे खटकायचं. आपला माणूस एवढा जीव धोक्यात घालून येतोय, हिनं जरा थांबायला काय हरकत होती?

ही गढी, ते तट, ती दोरावरची चढाई मला परकी नव्हती हेही सांगायला हवं. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर संध्याकाळी मल्लखांबाला पोरं लटकलेली असत. 1914 पासूनची ही संस्था. इथल्या मंडळींनी 1936 साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ तिकडे जाऊन दाखवले, हे शहरात प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलं जातंच. दोरीच्या मल्लखांबावर पायाच्या अंगठ्यात दोर धरून उलटा होणारा पोरगा मी रोज पाहत होतो. निंजा मला त्यामुळे फार थोर वाटला नाही. आमच्या मैदानावर त्याला दुसरा नंबर मिळाला असता.

आता आजी. हे पुस्तक लिहायचं मूळ कारण ती आहे.

आजी मूर्तिजापूरकडची. लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठा लावायची, तोही नाखुशीनं. त्या उन्हाळ्यात दुपारी छपरीत ती तूर निवडत बसायची आणि मी शेजारी पालथा पडून हा अंक पंधराव्यांदा पाहत असायचो. एक दिवस तिनं सूप बाजूला सारलं.

"काय पाहून रायला रे बाबू रोज? दाखव मले."

दाखवला. आजी पुस्तकाशी जशी वागली तशी मी नंतर कुणालाच वागताना पाहिलं नाही. ती पान उलटायच्या आधी प्रत्येक चौकटीवर बोट टेकवायची. हा कोन? हा कुठी चालला? हिले काऊन बांधलं? मी सांगायचो, ती मान हलवायची किंवा हलवायची नाही. काही पानांनंतर तिनं विचारलं, "हा काया बोलत काऊन नाही?"

"मुका आहे तो आजी. अपघात झाला त्याचा."

"बरं. तो मुका हाय. मंग बाकीचे काऊन बोलत नाहीत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामाचं उत्तर, छपाई चुकली, तेवढं होतं, ते मी दिलं. आजीला ते पटलं नाही. "चुकली असती तं कुठीतरी अर्धंमुर्धं दिसलं असतं," ती म्हणाली. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, चुकलेला आणि मुद्दाम सोडलेला यातला फरक कळणाऱ्या बाईचं ते बोलणं होतं. मी आज जे दुसरं प्रकरण लिहिलंय, की या अंकात बोलू शकणारी माणसंसुद्धा गप्प आहेत, सगळं जग आपल्या मुक्या नायकाच्या भाषेत उतरलंय, ते सगळं प्रकरण म्हणजे आजीच्या त्या एका प्रश्नाला लागलेलं शेपूट आहे.

शेवटच्या पानावर ती थांबली. तिथं कळतं की पांढऱ्याच्या हातावर गोंदलेलं आहे, मनगटाच्या वर. सहा आडव्या रेघा, काही सलग, काही मधे तुटलेल्या. आणि काळ्याच्या हातावरही तेच. तिथंच अंक संपतो. मी त्या चौकटी पंधरा वेळा पाहिल्या होत्या आणि मला वाटायचं की पलटणीतल्या सगळ्यांना असा काहीतरी शिक्का मारत असावेत, पाटलाच्या बैलांना डागतात तसा.

आजीनं एका हातावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"हे दोघं एका घरचे हायेत."

"अगं ते दुश्मन आहेत! आत्ता पाहिलंस ना, मारायला उठले होते."

"मंग? एका घरचेच भांडतेत. गोंदन पाय ना त्याईचं."

आणि तिनं पदर सारून आपला हात पुढे केला. कोपराखाली हिरवट काळं तुळशीवृंदावन, भोवती ठिपके, एका बाजूचा ठिपका फिसकटलेला. मूर्तिजापूरच्या घराच्या ओट्यावर, एकाच दुपारी, एकाच बाईकडून, दोघी बहिणींनी गोंदून घेतलेलं. धाकटी हलली, म्हणून तिचा ठिपका जागेवर राहिला आणि थोरलीचा घाबरून फिसकटला, असं काहीतरी ती सांगायची. मला त्यातलं कारण कधीच नीट लागलं नाही. दुसरं वृंदावन अकोटला होतं, धाकटीच्या हातावर. त्या दोघी आईच्या गोठाच्या जोडीवरून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाईमाणूस मेल्यावर बाकी सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं, असं म्हणणाऱ्या पिढीतली ती. तिला खूण म्हणजे काय हे समजावून सांगायला लॅरी हामा लागला नाही.

तिचं वाचन बरोबर होतं. मार्व्हलनं त्याचा उलगडा 26 आणि 27 या अंकांत केला, 1984 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. दोघं व्हिएतनाममध्ये एका तुकडीत होते. युद्ध संपवून स्नेक आइज परतला तेव्हा त्याचं कुटुंब अपघातात गेलेलं होतं. स्टॉर्म शॅडोनं त्याला जपानला आपल्या घरी नेलं, आणि तो त्या घराण्यातलाच होऊन गेला. ते घराणं म्हणजे अराशिकागे, आणि ती खूण म्हणजे 'यि चिंग' या चिनी ग्रंथातली सहा रेघांची आकृती. पुढे घरात खून झाला, संशय आला आणि दोघं दोन बाजूंना गेले. हे सगळं मी नोकरीला लागल्यावर, मालिकेचे खंड विकत घेऊन वाचलं. अमरावतीच्या छपरीत, इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या आजीनं ते आधीच सांगून ठेवलं होतं.

या अंकाची थोरवी सांगणारं तिकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. 2001 च्या डिसेंबरात मार्व्हलनं आपली बहुतेक मासिकं महिनाभर मुकी काढली, त्यामागे या अंकाची आठवण असावी असं मला वाटतं. हामानं स्वतःही पुढे असे प्रयोग केले. पण तिकडच्या लेखनात भर असतो तो कारागिरीवर. शब्दांशिवाय गोष्ट सांगणं किती कठीण, चौकटी कशा बसवल्या, नजर कशी वळवली. तेही खरंच आहे आणि चौथ्या प्रकरणात मी ते माझ्या परीनं केलंय. माझा आक्षेप एवढाच, की ते सगळे जण हा अंक वाचता येणाऱ्यांच्या बाजूनं पाहतात. शब्द असताना शब्द टाळले, म्हणून कौतुक. ज्याच्याकडे ते शब्द नव्हतेच, त्याच्या हातात हा अंक काय होता, हे कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी लिहिलं.

आता थोडं व्यवहाराचं. या पुस्तकात मूळ चित्रं नाहीत. ती छापायची परवानगी मिळवणं माझ्या ऐपतीबाहेरचं होतं. त्याऐवजी प्रत्येक पानाचं वर्णन दिलंय आणि चौकटींची मांडणी कळावी म्हणून रेघांचे साधे आराखडे, तेही मीच काढलेले, हसू येईल असे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी अंक मिळवावा, तो एकट्यानं पाहावा, आणि मगच इकडे यावं. मोबाइलवर पाहणार असाल तर पूर्ण पान दिसेल असं धरा. माझी भाची एकेक चौकट मोठी करून सरकवत गेली, सहा मिनिटांत संपवलं आणि "यात काय आहे?" म्हणाली. तिला छापील प्रत दिली तेव्हा पाऊण तास बोलली नाही. बाहुल्याचं म्हणाल, तर आता त्या रबरी रिंगा टपालानं येतात, डझनानं. मी मागवल्या, बसवली, माणूस ताठ उभा राहिला आणि अनोळखी दिसायला लागला. वाल्वट्यूब परत लावली आहे.

शेवटच्या चौकटींवर मी टीप लिहिलेली नाही. तिथं आजीचं वाक्य आहे, तिनं म्हटलं तसं, वऱ्हाडीत. मुद्रितशोधकांनी ते पहिल्या फेरीत 'त्यांचं गोंदण पाहा ना' असं करून पाठवलं. मी परत फिरवलं. दुसऱ्या फेरीत 'त्याईचं' राहिलं, पण 'पाय'चं 'पाहा' झालं, बाजूला समासात "पाय की हात? संदर्भ तपासावा" अशी शंका. तीही मी परत फिरवली. तिसरी फेरी पाहायला वेळ मिळाला नाही.